सुपारी, विसार आणि सही : लग्नाच्या छायाचित्रकाराशी केलेला करार वाचताना
(देवास येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



‘व्यवहारातील मराठी’ या विषयावर बोला, असे संयोजकांनी मला सांगितले. अर्ज, पत्रे, पारिभाषिक शब्द अशा गोष्टींवर मी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र आज एकाच कागदाबद्दल बोलणार आहे. आमच्या घरच्या लग्नात छायाचित्रकाराने दिलेला तो दीड पानाचा कागद. त्यावर माझी सही आहे. सही करण्यापूर्वी मी तो वाचला नव्हता.

हे सांगताना मला संकोच वाटतो. तीसएक वर्षे मी महाविद्यालयात साहित्य शिकवते आहे. संतकवितेतल्या एका शब्दाच्या पाठभेदावर मी माझ्या प्रबंधात पाने खर्ची घातली आहेत. मुलांना मी सांगत आले की मजकूर ओळीने वाचा, काय लिहिले आहे ते पाहा आणि काय लिहिलेले नाही तेही पाहा. आणि घरच्या पैशांचा प्रश्न आला तेव्हा मी पहिल्या पानावरचे नाव आणि तारीख तपासली आणि खाली सही ठोकली.

लग्न माझ्या भावाच्या मुलीचे. धारला, वैशाखातल्या मुहूर्तावर. छायाचित्रकार शेजारच्या मोठ्या शहरातला, नावाजलेला. एकूण रक्कम ठरली १,६०,००० रुपये. तारीख धरताना ४०,०००, लग्नाच्या महिनाभर आधी ४०,००० आणि उरलेले अल्बम हातात आल्यावर. बोलणी हिंदीत झाली, घरातला खल मराठीत झाला आणि कागद आला इंग्रजीत. भाऊ म्हणाला, “ताई, तू बघ गं जरा, तू शिकलेली.” मी बघितला. वाचला नाही.

लग्नाला अकरा दिवस राहिले असताना आमच्या काकू गेल्या. घराला सुतक आले. त्यात वयाच्या नव्वदीतल्या आमच्या काकांना एकटे टाकून मांडव घालायचा, हे दोन्ही घरांना पटणारे नव्हते. मुलाकडच्यांनी मोठ्या समजुतीने घेतले. जवळचा मुहूर्त सोयीचा नव्हता, पुढे चातुर्मास. शेवटी मार्गशीर्षातला दिवस धरला. आचारी, मंडप, कार्यालय सगळ्यांना फोन झाले. थोडेफार मागेपुढे होऊन सगळे मार्गी लागले. छायाचित्रकाराने मात्र फोनवर शांतपणे सांगितले, “मैडम, नौवाँ पॉइंट पढ़ लीजिए.”

मग मी तो नववा मुद्दा वाचला. त्याचा अर्थ असा होता की तारखेत कोणत्याही कारणाने बदल केल्यास तो करार रद्द केल्यासारखाच समजला जाईल आणि तोपर्यंत दिलेली कोणतीही रक्कम परत मिळणार नाही. म्हणजे ८०,००० रुपये गेले, आणि मार्गशीर्षासाठी नव्या दराने नवी नोंदणी करायची. भाऊ मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी या विषयाचा माग घेत आले. मी वकील नाही. पण मला जे समजले त्याचा बराचसा भाग भाषेचा आहे, म्हणून तो आपल्यासमोर ठेवण्याचे धाडस करते.

एका शब्दाने गिळलेले सहा शब्द

काम पक्के करताना आपण जे पैसे देतो त्यांना आता सगळेच ‘अॅडव्हान्स’ म्हणतात. आपल्याकडे याला किती शब्द होते ते आठवून पाहा. वाजंत्र्यांना, तमाशाच्या फडाला आपण सुपारी देत असू. सुपारी दिली म्हणजे त्या दिवशी तो फड आपला. आमच्या माळव्यात बँडवाल्याला, हलवायाला साई देतात. तिचाही अर्थ तोच. जमीन, घर, बैल यांच्या व्यवहारात विसार देतात, कुणी इसार म्हणतात. मंडीत बयाणा चालतो. भाड्याच्या घराला अनामत ठेवतात. आणि कामाच्या किमतीतला काही भाग आधी दिला तर ती आगाऊ रक्कम.

हे शब्द एकमेकांच्या जागी चालणारे नाहीत. अनामत ही मुळातच परत मिळण्यासाठी ठेवलेली असते. विसार हे शब्द पाळण्याचे तारण आहे. देणाऱ्याने शब्द मोडला तर तो बुडतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. म्हणूनच तो व्यवहाराच्या मानाने लहान असतो. आगाऊ रक्कम ही कामाची किंमत आहे. काम झालेच नाही तर ती कशाची किंमत, हा प्रश्न उरतोच.

‘अॅडव्हान्स’ म्हटले की हे सगळे भेद पुसले जातात. आमच्या कागदावर तर त्याहून भारदस्त शब्द होता, ‘नॉन-रिफंडेबल रिटेनर’. पहिले ४०,००० त्या नावाखाली होते. दुसऱ्या ४०,०००ना ‘दुसरा हप्ता’ म्हटले होते. आणि नवव्या मुद्द्याने दोन्ही एकाच पोत्यात भरले होते. पहिली रक्कम विसार होती असे मी मान्य करायला तयार होते. दुसरी रक्कम विसार नव्हती, ती अजून न झालेल्या कामाची किंमत होती. हा फरक मला मराठीत विचार करू लागल्यावर दिसला. इंग्रजी कागदावर तो माझ्या नजरेतून निसटला होता.

कायदा काय पाहतो

हा फरक आपल्या न्यायालयांनीही पाहिला आहे, हे नंतर कळले तेव्हा मला आनंद झाला. १८७२चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याचे ७४वे कलम थोडक्यात असे सांगते : करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे कागदावर लिहिलेले असले, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. लिहिलेला आकडा आपोआप वसूल होत नाही.

१९६३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास हा दिल्लीतल्या एका मालमत्तेचा वाद आला. खरेदीदाराने २५,००० रुपये दिले होते. त्यातले १,००० विसार म्हणून आणि २४,००० पुढच्या टप्प्यावर. व्यवहार फिसकटला. करारात सगळीच रक्कम जप्त होईल असे लिहिलेले होते. न्यायालयाने विसाराचे १,००० ठेवू दिले, पण २४,००० केवळ कागदावर लिहिले आहे म्हणून जप्त करू दिले नाहीत. आधी घेतलेले पैसे दाबून ठेवणे यालाही ७४वे कलम लागू होते, असे न्यायालयाने सांगितले. माझे दोन चाळीस हजार मला या दोन रकमांत दिसले.

दुसरा खटला आमच्या माळव्यातल्या श्रोत्यांना जवळचा वाटेल, कारण तो बटाट्याचा आहे. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने सैन्याला बटाटे, तसेच कोंबड्या, अंडी, मासे पुरवण्याचे करार केले होते आणि त्यासाठी अनामत ठेवली होती. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने अनामत जप्त केली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुकसान मोजता येण्याजोगे असेल तर ते मोजून दाखवले पाहिजे. बटाटे दुसरीकडून किती भावाने आणले, हे सरकार सांगू शकत होते. सांगितले नाही, म्हणून रक्कम परत करावी लागली. वाजवी विसार ही बाब न्यायालयाने तेथेही वेगळी धरली.

तिसरा निकाल २०१५चा, कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. प्राधिकरणाने भूखंडाच्या लिलावातली ७८ लाखांची विसाराची रक्कम जप्त केली आणि नंतर तोच भूखंड कितीतरी जास्त किमतीला विकला. न्यायालयाने विचारले, मग नुकसान कोठे झाले? रक्कम परत करायला लावली.

हे तिन्ही खटले लग्नाचे नाहीत, आणि यावरून प्रत्येक छायाचित्रकाराने प्रत्येक रक्कम परत करावी असा निष्कर्ष कुणी काढू नये. पण वाचकाला विचारण्याजोगे तीन प्रश्न त्यांतून मिळतात. ही रक्कम विसार की किंमत? समोरच्याचे नुकसान किती झाले? आणि मोकळी झालेली तारीख त्याने दुसऱ्या कुणाला दिली का?

कॅमेऱ्यामागचा माणूस

आता दुसरी बाजू. ती मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावली. देवासमध्ये त्याचा लहानसा स्टुडिओ आहे. मी रागाने भरलेली त्याच्याकडे गेले. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, “मॅडम, तुमचे दुःख खरे आहे. पण मुहूर्त आमच्या हातात नसतात. पंचांगात जेवढ्या तारखा, तेवढीच आमची शेती.”

त्याने मला हिशेब सांगितला. तारीख धरली की तो त्या दिवसाचे दुसरे काम नाकारतो. दुसरा कॅमेरामन, व्हिडिओवाला, ड्रोनवाला यांना त्यालाही साई द्यावी लागते, आणि ते ती परत करत नाहीत. लग्न दोन दिवसांवर असताना मोडले तर त्या तारखेला नवा ग्राहक मिळत नाही. एकदा आदल्या संध्याकाळी एक लग्न मोडले. मुलीच्या वडिलांकडे पैसे मागायची त्याला लाज वाटली, आणि दोन माणसांची मजुरी त्याने खिशातून दिली. “पण मॅडम, सहा महिने आधी कुणी नाही म्हणाले, तर माझे काय जाते? फोनवरचे बोलणे आणि एक चहा.”

या एका वाक्यात सगळे प्रकरण आले. रद्द करण्याची किंमत सगळ्या दिवसांना सारखी नसते. लग्न दूर असते तेव्हा ती अगदी कमी असते, जसजसे जवळ येते तसतशी चढते. म्हणून वाजवी करारात पायऱ्या असतात : इतके महिने आधी सांगितले तर फक्त विसार, त्यानंतर सांगितले तर एकूण रकमेचा अमुक हिस्सा, शेवटच्या आठवड्यात सांगितले तर त्याहून मोठा हिस्सा. ज्या कागदावर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच उत्तर लिहिलेले असते, ‘काहीही परत मिळणार नाही’, तो कागद नुकसानाचा विचार करून लिहिलेला नसतो. तेथे थांबावे आणि बोलावे.

आमच्या या मुलुखाला छायाचित्रण नवे नाही. राजा दीनदयाळ यांनी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता १८७०च्या दशकात कॅमेरा हाती घेतला. पुढे संस्थानिकांच्या दरबारांपासून पडक्या मंदिरांपर्यंत मध्य भारत त्यांनी काचेवर उतरवला. छायाचित्रकाराला मान देणारी ही भूमी आहे. त्याच्या पोटावर पाय देऊन आपले पैसे सोडवावेत, असे मला सुचवायचे नाही. कागद दोघांच्याही बाजूने विचार करणारा असावा, एवढेच म्हणणे आहे.

रद्द, पुढे ढकललेले आणि अस्मानी-सुलतानी

माझ्या कागदातली खरी मेख आणखी एका जागी होती. ‘रद्द करणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ या दोन गोष्टी त्याने एक केल्या होत्या. आपल्या भाषेत लग्न मोडणे आणि लग्न पुढे जाणे यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. लग्न मोडले तर ग्राहक जातो. लग्न पुढे गेले तर तो जात नाही, तारीख तेवढी बदलते. छायाचित्रकाराला पुढच्या तारखेला काम मिळतेच. त्याचे नुकसान असेल तर फक्त मोकळ्या राहिलेल्या पहिल्या तारखेचे, आणि ती भरली तर तेही नाही. म्हणून करारात तारीखबदलाचे वेगळे कलम हवे : नवी तारीख मोकळी असेल तर आधीची रक्कम तिकडे वळती होईल का, किती वेळा, किती मुदतीत, आणि दर जुना की नवा.

सुतकाचा प्रश्न येथे मुद्दाम सांगते. पुष्कळांना वाटते की घरात मृत्यू झाला म्हणजे करार आपोआप सुटला. तसे गृहीत धरू नये. कराराचे पालन अशक्य झाले तर करार रद्दबातल होतो, असे करार कायद्याचे ५६वे कलम सांगते, आणि अशा वेळी घेतलेला लाभ परत करावा किंवा भरून द्यावा, असे ६५वे कलम सांगते. पण सुतकात लग्न करणे आपल्या मनाला अशक्य असते, कायद्याच्या नजरेला तेवढेच अशक्य दिसेल याची खात्री देता येत नाही. ज्या गोष्टीला आपल्या घरात एवढे वजन आहे ती आपण कागदावर लिहून घेतली पाहिजे. ‘वधू किंवा वराच्या जवळच्या कुटुंबात मृत्यू अथवा गंभीर आजार आल्यास तारीख एकदा विनामूल्य बदलता येईल.’ एवढे एक वाक्य. माझ्या विद्यार्थ्याला मी ते सुचवले तेव्हा तो म्हणाला, “लिहीन की. कुणी मागितलेच नाही आजवर.”

इंग्रजी करारांत ‘फोर्स मेजर’ नावाचे एक कलम असते. शब्द फ्रेंच, वापर इंग्रजी, आणि सही करणारे आपण. पण त्यातली कल्पना आपल्याला चांगली ठाऊक आहे. तिला आपण अस्मानी-सुलतानी म्हणतो. आभाळातून आलेले संकट आणि राजसत्तेकडून आलेले संकट. २०२० साली दोन्ही एकदम आली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, आणि २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया मांडवांशिवाय गेली. पुढे लग्नाला परवानगी मिळाली ती ५० माणसांच्या मर्यादेत. तेव्हा अनेक घरांनी आपापले कागद शोधून काढले. कुणाच्या कागदावर अस्मानी-सुलतानीचा उल्लेखच नव्हता. हे कलम वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते दोन्ही पक्षांना सारखे लागू आहे की फक्त छायाचित्रकाराला सोडवते? आणि अशा वेळी पैसे परत मिळतात, पुढे वळते होतात की बुडतात?

शेवटी उलटा प्रसंग. छायाचित्रकारच आला नाही तर? आमच्या कागदात ग्राहकाने करार मोडला तर काय याविषयी सात ओळी होत्या, त्याने मोडला तर काय याविषयी एकही नव्हती. काही करारांत अशा वेळी ‘घेतलेली रक्कम परत केली जाईल, त्यापलीकडे जबाबदारी नाही’ असे लिहिलेले असते. पण अक्षता एकदाच पडतात. पैसे परत आले म्हणून सप्तपदी पुन्हा होत नाही. म्हणून विचारावे : तो आजारी पडला तर त्याच्या तोडीचा दुसरा कोण येईल? त्याचे नाव आधी कळेल का? तो आम्हाला पसंत नसेल तर पूर्ण रक्कम परत मिळेल का? आणि किती दिवसांत?

तक्रारीची वाट

बोलणी फिसकटलीच तर मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२०पासून अंमलात आला. त्यात प्रथमच ‘अन्याय्य करार’ या संकल्पनेची व्याख्या आली. ग्राहकाने करार मोडल्यास होणाऱ्या नुकसानाशी मेळ न खाणारा दंड लावणे, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणे, अशी कलमे त्यात मोडतात. करार अन्याय्य आहे अशी दाद मागायची असेल तर राज्य आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी भोपाळला, जावे लागते. सेवेत त्रुटी राहिली, भरपाई हवी, अशी तक्रार आपल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. महत्त्वाचे म्हणजे ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही ती करता येते. छायाचित्रकार दुसऱ्या शहरातला असला तरी धारच्या माणसाला धारला दाद मागता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

या वाटेवर चालायचे तर कागद हवेत. पावती, कराराची प्रत, निरोपांची देवाणघेवाण. फोनवर जे ठरले ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवावे, ‘आज आपले असे बोलणे झाले’. लिहिण्याची ही सवय आपण शिक्षक मंडळींनी तरी लावून घ्यायला हरकत नाही.

आमचे पुढे काय झाले

आम्ही आयोगाकडे गेलो नाही. मी एक पानभर पत्र लिहिले, हिंदीत, न चिडता. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिले ४०,००० विसार म्हणून आपण ठेवावेत. दुसरे ४०,००० मार्गशीर्षातल्या तारखेकडे वळते करावेत. ती तारीख मोकळी नसेल तर आमच्या लग्नासाठी झालेला खर्च सांगून उरलेली रक्कम परत करावी. पहिले उत्तर ‘नियम सगळ्यांना सारखा’ असे आले. मधल्या काळात माझ्या भाचीला दिसले की आमच्या मूळ तारखेला ते दुसऱ्या एका लग्नात काम करत होते. फोटो त्यांनीच लोकांसमोर ठेवले होते. “आत्या, हे बघ,” म्हणून तिने मला दाखवले. मी दुसऱ्या पत्रात तेवढाच उल्लेख केला, आरोप केला नाही. आठवड्याने उत्तर आले : दुसरी रक्कम वळती करू, दर जुनाच राहील.

लग्न झाले. फोटो चांगले आले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भाऊ म्हणाला, “ताई, चाळीस वाचले.” मला मात्र गेलेले चाळीस दिसत होते. त्यांतले काही त्या माणसाच्या कष्टाचे असतील. काही माझ्या न वाचण्याचे होते.

यादी मोठ्याने वाचण्याची रीत

मित्रहो, आपल्या लग्नांत याद्या करण्याची रीत आहे. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात. कोणी काय करायचे, जेवणावळी कोणाच्या, मानपान किती, हे एकेक करून लिहिले जाते आणि लिहिलेले सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जाते. एखादी आजी मध्येच विचारते, “आणि वऱ्हाड उतरायचे कोठे?” मग तेही लिहिले जाते. त्या याद्यांतल्या काही गोष्टी, विशेषतः देण्याघेण्याच्या, आज कुणी पुन्हा आणू नयेत. पण मोठ्याने वाचण्याची रीत जपण्यासारखी होती. न वाचता सही करायला तेथे जागा नव्हती.

देवासकरांना हे वेगळे सांगायला नको. येथे १९४८ पर्यंत एका गावात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. कोणाची हद्द कोठे संपते हे ठरलेले आणि लिहिलेले असल्याशिवाय एका गावात दोन गाद्या नांदत नाहीत. धार आणि देवासच्या दरबारांतून मराठी ही कागदाची भाषा होती. सनदा, करारनामे, हिशेब तिच्यात लिहिले जात. आज ती आपल्या घरात आहे, कवितेत आहे, गणेशोत्सवात आहे. कागदावरून मात्र गेली. मी कागद इंग्रजीत नको असे म्हणत नाही. सही करण्यापूर्वी तो एकदा आपल्या भाषेत घरात वाचला जावा, असे म्हणते.

यंदा मी माझ्या वर्गाला एक स्वाध्याय दिला. छायाचित्रकार, मंडप, कार्यालय यांचे खरे करार गोळा करायचे, नावे खोडायची, आणि प्रत्येक अट मराठीत किंवा हिंदीत एका वाक्यात लिहायची, आपल्या आजीला समजेल अशी. एका विद्यार्थिनीने एका अटीपुढे लिहून आणले : “मॅडम, हे वाक्य मराठीत लिहिल्यावर इतके अन्यायाचे वाटते की मी चुकीचे भाषांतर केले असावे.” मी ते ताडून पाहिले. तिचे भाषांतर बरोबर होते.

माझ्या देवासच्या विद्यार्थ्याने त्याचा करार आता एका पानावर आणला आहे. पुढच्या बाजूला हिंदी, मागच्या बाजूला मराठी. रद्द करण्याच्या पायऱ्या वेगळ्या, तारीखबदल वेगळा, अस्मानी-सुलतानी दोघांनाही सारखी, आणि तो स्वतः आला नाही तर काय, हेही त्यात आहे. मराठी मजकूर आम्ही दोघांनी बसून लिहिला. ‘रिटेनर’च्या जागी त्याने आधी ‘अॅडव्हान्स’ लिहिले होते. मी खोडून ‘विसार’ केले. तो म्हणाला, “मॅडम, गिऱ्हाईकाला हा शब्द कळेल का?” मी म्हटले, “कळला नाही तर विचारेल. आणि विचारले, तर तू सांगशील.”

या सभागृहात पुष्कळांच्या घरी येत्या वर्षात मंगलकार्य असेल. तेव्हा सुपारी देण्याआधी तो कागद मागून घ्या, एक रात्र घरी ठेवा, आणि सगळे जेवायला बसलेले असताना कुणीतरी तो मोठ्याने, मराठीत वाचा. अडेल तेथे थांबा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. सही त्यानंतर करा.